दादाच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

दादाच्या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांसाठी आभार आहेतच, पण हे पत्र मुख्यतः आईच्या वतीनं आहे. तिला लिहिता येत नाही, आणि तिच्यावरचा आळ तुम्ही उतरवला हे ती तुमच्या तोंडावर बोलायची नाही.

1995 च्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं, तेव्हा दादा पोटात होता. आईनं त्या दिवशी विळीवर वांगी चिरली म्हणे. कॉलेजच्या वयात दादाच्या कानात माणसं बोलायला लागली, विहिरीत विष कालवलंय म्हणून तो घरचं पाणी पिईना, तेव्हा भावकीनं ती वांगी उकरून काढली. भगत, उतारे, कोंबडी काय काय झालं ते केसपेपरवर आहे.

ग्रामीण रुग्णालयातल्या त्या ओपीडीत दारापर्यंत रांग होती. तरी तुम्ही केसपेपर उलटा केला आणि मेंदूतल्या दोन पेशींची टोकं काढली, मधे पेनानं ठिपके दिले. हे डोपामिन, एका पेशीचा निरोप दुसरीकडं नेणारं रसायन. मेंदूच्या एका भागात ते जास्त सुटलं की नसलेला आवाज खरा वाटतो, साध्या गोष्टीत कट दिसतो. 1952 साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन नावाचं औषध दिल्यावर असे रोगी शांत झाले. डोपामिन जिथं जाऊन चिकटतं ती जागाच ही औषधं अडवतात, हे पुढं कळलं. दादा कागदाकडं बघत होता. कितीतरी दिवसांनी तो कशाकडं तरी नीट बघत होता.

मग तुम्ही आईला कपाशीच्या विरळणीचं विचारलंत. एका जागी दोन-तीन बिया टोबल्या की एक जोमदार रोप ठेवून बाकीची उपटतो ना, तसं वयात येताना मेंदू पेशींमधले जादा जोड काढून टाकतो. सी-फोर नावाचं एक जनुक या कामात असतं, आणि त्याचा एक प्रकार जोरात चालणाऱ्यांना या आजाराचा धोका जास्त, हे 2016 मध्ये दिसून आलं. आई म्हणाली, "मंग याच्या डोक्यातली जराशी जास्तच उपटल्या गेली म्हना." तुम्ही म्हणालात, तसाच अंदाज आहे, आणि त्यात वांग्याचा काही संबंध नाही. आई हसली हो मॅडम. आम्ही ते विसरलोच होतो.

माझी गोष्ट वेगळी. जनुक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडं सोयरिकीला आलेली माणसं चहा पिता पिता "तुमच्यात कोणाला डोक्याचं?" असं विचारून घेतात. आई बाहेर गेल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही नुसता धीर दिला नाही, आकडे दिले. सख्ख्या भावाला असेल तर बहिणीला होण्याची शक्यता शंभरात नऊ-दहा. हुबेहूब जुळ्यांतही एकाला असलं तरी दुसऱ्याला निम्म्याच्या आसपासच, म्हणजे जनुकं सगळं ठरवत नाहीत. आणि 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकांच्या नकाशावर या आजाराशी जोडलेल्या 287 जागा निघाल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एका घराण्याचं रक्त खराब, असं म्हणायला जागाच उरत नाही. पाहुण्यांना हे कोण सांगणार, ते सोडा.

घरी आल्यावर मी वाचलं की 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, आणि त्या उपासमारीत गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये हा आजार पुढं साधारण दुप्पट आढळला. आई दादाच्या वेळी निंदणाला जायची, एक वेळच्या भाकरीवर. पुढच्या खेपेला ते विचारलं तर तुम्ही लपवलं नाहीत: दुप्पट म्हणजे शंभरात एकाच्या ठिकाणी दोन, आणि एकट्या माणसाकडं बोट दाखवून याला त्यामुळंच झालं असं कुणालाच सांगता येत नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही. उपाशी ती हौसेनं राहिली नव्हती.

दादा आता वावरात फवारणी सोडून सगळं करतो. आवाज अधूनमधून येतात, तो सांगतो आणि कामाला लागतो. वजन वाढलंय, तर साखर तपासायची का ते या वेळी सांगाल.

आणखी एक. आईनं शेजारच्या गावातल्या एका बाईला तयार केलंय, तिच्या पोराला घेऊन ती येणार आहे. दोन भगत करून झालेत. पोरगा बोलत नाही, बाई फार रडते. त्यांच्यासाठी थोडा वेळ ठेवा, आणि केसपेपरची मागची बाजू कोरी राहू द्या.

तुमची,
दादाची धाकटी बहीण