नातू सोनार झाला

बापू,

आशीर्वाद. तुझ्या आजीने अख्ख्या गल्लीत सांगून टाकलंय की नातू सोनार झाला, आता लोक विचारतील जळगावच्या सराफ बाजारात दुकान कधी टाकतो म्हणून. मी म्हटलं, माय, ते सोन्याचं नाही, सोनार म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायचं मशीन आहे, तर म्हणते मंग पोराला नेव्हीत नुसतं ऐकायलाच बसवलं का? परवा फोनवर तुझाही सूर तोच होता भो.

तुला सुरतसारखं जहाज पाहिजे होतं, कळतं मला. 15 जानेवारी 2025 ला मुंबईत ते नेव्हीत आलं तेव्हा आपण दोघं मोबाईलवर बघत होतो, ब्रह्मोस काय, रडार काय, अन आपली तापी जिथे समुद्राला मिळते त्या गावाचं नाव, मला तर लय भारी वाटलेलं. पण रडार कितीही लांबचं बघू दे, पाण्याच्या वरच, खाऱ्या पाण्यात त्याच्या लहरी शिरत नाहीत. खाली फक्त आवाज चालतो, अन तो सेकंदाला दीड किलोमीटर, हवेच्या चौपटीहून जास्त. सुरतवाल्यांना पण पाणबुडी शोधायला तुझ्यासारखाच कोणी बसवावा लागतो.

तू ते पाण्याच्या थराचं सांगत होता ना, तेव्हा डोक्यावरून गेलं, रात्री आठवलं. मे महिन्यात आपल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकत होता, डबा सोडून पहिल्यांदा बुडी मारली अन तसाच वर आला, म्हणे आबा, खाली बर्फ आहे! वरचं पाणी कोमट, परसभर खाली एकदम गार. समुद्रात पण तेच, आवाज त्या गार पाण्याच्या हद्दीवर वाकतो, पाणबुडीवाला बरोबर त्याखाली दडतो, म्हणून तुम्ही सोनार केबलने खाली सोडता.

केबलवरून आठवलं, मागच्या साली मोटारीची केबल गेली तेव्हा मी बॅटरी मारत बांधावर फिरायचो, चोराला मीच आधी दिसायचो. मंग तुझा काका अन मी अंधारात केळीत बसलो, बिडी पण नाही, तेव्हा कुठे केबल ओढल्याचा आवाज कानावर आला. पळाले ते, पण केबल वाचली. तुम्ही पाण्यात आवाज सोडून तो आपटून परत येतो का ऐकता, ते पिंग म्हणजे बॅटरीच की, समोरच्याला पण कळतं कोण कुठे आहे.

अन छोट्या जहाजावर टाकलं तर तोंड वाकडं करू नको. अर्नाळा 77 मीटरचंच आहे, 18 जून 2025 ला विशाखापट्टणमला आलं, तसली 16 ठरलीत, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यासाठी. खरी पंचाईत तिथेच, आवाज तळाला आपटतो, वर आपटतो, त्यात मच्छीमारांचे ट्रॉलर, वरून ती कोळंबी चिमटे वाजवत बसते, अन त्यातून पाणबुडीचा एक पंखा ओळखायचा. तुला जमेल ते. रात्री लाईट आली की अंथरुणातूनच सांगायचा, ही नानांची मोटार, ही आपली, अन आपली कोरडी चालायला लागली की माझ्या आधी तुला कळायचं.

कोणतं जहाज मिळालं ते फोनवर सांगू नको, मी विचारणार पण नाही. सुट्टी कधी तेवढं सांग, भरताची वांगी आणून ठेवतो. आजीने पाटल्या काढून ठेवल्यात, म्हणते आला की उजळून देईल.

तुझा,
आबा