वॉटसन हॉटेलच्या कुलपाविषयी खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनमधून, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलमधून, आमचे उरलेले सामान महिन्याभरात काढू देऊ, असे आश्वासन आपल्या अधिकाऱ्यांनी दिले होते. त्याला दोन पावसाळे उलटले, आणि परवा रखवालदाराने मला फाटकावरूनच परत पाठवले.

२०१९ साली न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली, तेव्हा वडिलांचे मराठी टंकलेखनयंत्र मी खांद्यावर घेऊन जिने उतरलो. प्रतिज्ञापत्रांच्या कार्बन प्रतींनी भरलेले त्यांचे लोखंडी कपाट वरच राहिले. फळकुटांच्या आडोशाच्या त्या खोलीवर त्यांनी आम्हा तीन भावंडांना वाढवले. मी आता कोर्टाबाहेर पदपथावर बसतो आणि पाऊस आला की आधी कागदांवर छत्री धरतो. माझ्या हिशेबाने, चुकभूल द्यावी घ्यावी, आपल्या कार्यालयात एकोणीस खेटे झाले.

आपण वारशावर भाषणे करता, म्हणून आठवण देतो. इंग्लंडमध्ये ओतलेला हा लोखंडी सांगाडा जहाजाने आणून १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे सहा चलत्पट इथे रुपयाच्या तिकिटावर दाखवले गेले. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला आणि सज्ज्यातल्या कावळ्यांवर लिहून गेला. कावळे अजून येतात, त्यांना परवानगी लागत नाही. जमशेटजी टाटांना इथे मज्जाव झाला म्हणून ताज उभे राहिले, ही कथा मला पटत नाही, पण भाषणांत नेमकी तीच आधी येते.

२००५ साली सज्जा कोसळून एक माणूस दगावला, तेव्हा कोण जागे झाले? आमचे गोठवलेले भाडे हास्यास्पद होते हे मला मान्य आहे. परंतु त्या भाड्यात डागडुजी होत नाही हे ठाऊक असूनही शासनाने कायदा तसाच ठेवला आणि वर वारसा यादीचा शिक्का मारला. इथे खिळा ठोकायला परवानगी लागते, कोसळू द्यायला लागत नाही. आयआयटीच्या अहवालाने इमारत पाडावी म्हटले, वारसातज्ज्ञ दुरुस्ती शक्य आहे म्हणतात, आणि या वादात भाडेकरूला कोणी विचारत नाही.

इमारतीचे काय करणार ते लेखी कळवावे आणि कपाटासाठी एक दिवस फाटक उघडावे. मंगळवार सोडून कोणताही दिवस चालेल. त्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते.

आपला,
फोर्टमधील एक टंकलेखक