नाच सहा जणांचा, मग नाव एकाचंच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नाचाच्या कार्यक्रमांबद्दल जे छापून येतं ते मी न चुकता वाचते, मराठी पेपरात नाटक-सिनेमाच्या गर्दीत नाचाला जागा मिळते याचाच मला आधी आनंद होतो. पण एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून मनात आहे ती आज लिहूनच टाकते. बातमी असो नाहीतर परीक्षण, नृत्यदिग्दर्शन म्हणून एकच नाव येतं आणि बाकी सगळे 'व सहकारी' मध्ये जातात. बऱ्याच वेळा ते बरोबरही असतं, कारण एका गुरूने किंवा एका दिग्दर्शकाने बसवलेलं असतं आणि बाकीच्यांनी ते शिकून केलेलं असतं. पण आता असेही छोटे छोटे गट आहेत जे नाच मिळून तयार करतात, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि तिथे कोणा एकाचं नाव घातलं की ती माहिती सरळ चुकीची होते. मी स्वतः पुण्यात अशाच एका सहा जणांच्या गटात काम करते म्हणून हे पत्र.

आमच्यात दोघी कथकवाल्या आहोत, एक भरतनाट्यम शिकलेली, एक जण कंटेम्पररीवाला, एक जण लहानपणापासून लेझीम आणि पुढे ढोल-ताशा पथकात वाढलेला, आणि एक जण मुळात नाटकांना लाइट्स करायचा तो आता आमच्याबरोबर नाचतोही. कसं बसवतो हे जरा सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं मिळून म्हणजे सगळ्यांनी आपापला एक एक तुकडा आणला आणि जोडला, तसं अजिबात नसतं. सध्या आमचं एक काम चालू आहे ते रांगेवर आहे, रेशनची, दवाखान्याची, बँकेची, कुठलीही रांग, माणूस तासन् तास उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगात काय काय होतं यावर. पहिले काही आठवडे आम्ही नुसते एकामागे एक उभे राहायचो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कधी जातं, पुढचा हलला की मागच्याला ते न बघता कसं कळतं, हे शोधत. मग एक दिवस मी एक तिहाई घातली. तिहाई म्हणजे तेच बोल तीनदा आणि शेवटचा घाव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कथकमध्ये ती एकटीने घ्यायची आणि समेवर थांबायचं, टाळी तिथेच पडते. लेझीमवाला म्हणाला की पथकात ताशाने उचललं की ढोल घेतात, तशी ही एकीने का संपवायची, पहिला पल्ला तू घे, दुसरा मागची घेईल, तिसरा तिच्या मागचा. केलं तर रांगेतून काहीतरी सरकत गेल्यासारखं दिसायला लागलं. भरतनाट्यमवाली म्हणाली की अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, केलं तर पायांचा आवाज जड येतो, मग ते बदललं. आणि लाइट्सवाला, जो त्या दिवशी बाहेर बसून बघत होता, त्याने सांगितलं की सम ज्याच्यावर येते त्याने काहीच करू नका, नुसतं उभं राहा. ते केल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो कारण तो तुकडा आता खरंच रांगेचा झाला होता.

आता सांगा ती तिहाई कोणाची? बोल माझे आहेत, पण माझ्या बोलांत ते काहीच नव्हतं जे प्रेक्षकाला भिडणार आहे. कोणा एकाचं नाव लिहायचं म्हटलं तर मला खरंच लिहिता येणार नाही.

आणि मिळून म्हणजे रोज मतदान घ्यायचं असंही नाही हो. मतदान घेऊन नाच फार मिळमिळीत होतो असं माझं स्पष्ट मत आहे, कोणालाच न खटकणारं तेवढंच शिल्लक राहतं. आम्ही दोन गोष्टी पाळतो. कोणी काही सुचवलं तर आधी अंगाने करून बघायचं, तोंडाने नको म्हणायचं नाही, न करता नाही म्हटलेल्या गोष्टीतच पुष्कळदा पुढचा रस्ता असतो. आणि दर आठवड्याला तालीम एक जण चालवतो, त्या आठवड्यात शेवटचा शब्द त्याचा, पटो न पटो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा. बाहेर बसून बघणाराही रोज बदलतो, मोबाइलवर शूट करून रात्री सगळ्यांना पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भांडण होतं. हो भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं. वेळ जास्त लागतो हे खरं, एकाने बसवलेलं काम ज्या वेळात उभं राहतं त्याच्या दुप्पट तरी आम्हाला लागतो आणि हॉलचं भाडं तासावर असतं, त्यात लाकडी फ्लोअर मिळाला तर नशीब, नाहीतर फरशीवर उड्या मारून गुडघ्यांची वाट लागते.

हे काही आम्ही नवीन शोधून काढलेलं नाही. आपल्या मुंबईतच, अंधेरीला, १९४० च्या दशकात इप्टाचं, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचं, सेंट्रल स्क्वॉड नावाचं कलापथक होतं, सगळे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, एकत्र तालीम करायचे. शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर असे नर्तक उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातून आलेले लोक त्यात होते, संगीताला रविशंकर होते. पुढे १९५२ मध्ये शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला, तब्येत क्षयाने पार ढासळलेली असताना रामायण बसवलं, त्यात नाचणारी माणसं मुखवटे लावून कठपुतळ्यांसारखी हलतात. १९५४ ला ते गेले. प्रमुख गेला की गट फुटतो असं आपण नेहमी बघतो, पण हा गट फुटला नाही, गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांच्याबरोबर मंडळी राहिली, १९६४ ला ग्वाल्हेरला गेली, नंतर भोपाळला, आणि ते रामायण कित्येक दशकं चालू राहिलं. ते ज्यांच्या अंगात होतं त्या सगळ्यांनी ते सांभाळलं म्हणून राहिलं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये जुलै १९६२ मध्ये जडसन चर्चमध्ये तरुण नर्तकांनी मिळून कार्यक्रम सुरू केले, एकमेकांचं काम बघायचं आणि त्यावर बोलायचं ही त्यांची पद्धत. त्यातल्याच इव्हॉन रेनर या बाईंनी पुढे स्वतःच्या गटातला दिग्दर्शकाचा अधिकार हळूहळू सोडून दिला आणि त्यातून १९७० मध्ये ग्रँड युनियन नावाचा गट झाला, कोणी प्रमुख नाही, स्टेजवर जे घडेल ते सगळ्यांचं, १९७६ पर्यंत चालला. ज्या बाईंचं नाव आधीच मोठं झालेलं होतं त्यांनी हे केलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि आपल्या लावणीचं काय? राम जोशी, होनाजी बाळा ही शाहिरांची नावं शाळेतल्या पोरालाही माहीत असतात. पण त्या शब्दांवर अदा घडवल्या त्या बायांनी, एकीचं बघून दुसरीने उचललं, तिने त्यात आपलं घातलं, तिसरीने ते बैठकीत आणखी रंगवलं, पिढ्यान् पिढ्या. त्यांतल्या फार थोड्यांची नावं कुठे लिहिलेली आहेत. तेव्हा लिहून ठेवणारं कोणी नव्हतं म्हणून सोडून देऊ, पण आज तर पेपर आहे, कार्यक्रमपत्रिका आहे, व्हिडिओ आहे.

एका माणसाच्या नजरेतून आलेलं काम कमी असं मी म्हणत नाहीये, हे कृपया लक्षात घ्या. कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादला आपल्या कदंब या संस्थेत एकट्याने करायचं कथक समूहात आणलं ते त्यांच्या एकटीच्या दृष्टीशिवाय झालंच नसतं, आणि पुण्यात कथक करणारी कोण अशी आहे जिच्यावर रोहिणीताई भाट्यांच्या कामाचं ऋण नाही, १९४७ पासूनची त्यांची नृत्यभारती ही संस्था आहे. तिथे त्यांचंच नाव यायला हवं. माझं म्हणणं एवढंच की जिथे सहा जणांनी केलंय तिथे सहा जणांचं यावं.

कारण नाव न येण्याचे परिणाम अगदी व्यवहारातले असतात. आमच्यातल्या एकीने एका ठिकाणी शिकवण्याच्या कामासाठी अर्ज केला, मुलाखतीत विचारलं तुम्ही स्वतः काय बसवलंय, आणि तिच्याकडे दाखवायला जी कात्रणं होती त्यात सगळीकडे माझं नाव, ती 'सहकारी'. का, तर त्या वर्षी महोत्सवाचा ऑनलाइन फॉर्म मी भरला होता आणि त्यात दिग्दर्शकाच्या नावाचा रकाना एकच होता, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मानधनाचंही तेच, चेक एकाच्या नावाने निघतो, टीडीएस एकाच्या पॅनवर कापला जातो, आम्ही वाटून घेतो सहा जणांत पण कागदावर सगळं उत्पन्न त्या एकाचं दिसतं.

गंमत नाही, कायदा याबाबतीत पुढे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीच्या व्याख्येत बसते, अट एवढीच की ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी प्रकारे नोंदवलेली असावी. आणि त्याच कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे, दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून केलेली अशी कृती की ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. वरच्या तिहाईबद्दल मी जे सांगितलं ते अगदी हेच आहे. अशा कृतीचा हक्क त्यातला शेवटचा कर्ता गेल्यानंतर साठ वर्षं राहतो. म्हणून छोट्या गटांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तालमीचे व्हिडिओ तारखेसह नीट ठेवा, कोणी काय आणलं ते वहीत लिहा, आणि दोस्ती चांगली असतानाच एक कागद करा की कोणी गट सोडला तर तो काय घेऊन जाऊ शकतो. आम्ही केलाय, जो जाईल त्याने स्वतः आणलेलं खुशाल वापरावं, पूर्ण काम मात्र सगळ्यांना विचारल्याशिवाय कुठे करायचं नाही. मैत्रीत कागद कशाला असं घरचे म्हणतात पण त्या कागदामुळेच आम्ही मोकळेपणाने भांडू शकतो.

तर तुमच्याकडून अपेक्षा काय. परीक्षण लिहिणाऱ्यांनी कार्यक्रमानंतर दोन मिनिटं थांबून विचारावं की हे कसं बसवलं, एकाने की मिळून. मिळून असेल तर 'सामूहिक रचना' लिहून पुढे सगळी नावं द्यावीत, सहा नावांना छापायला फार तर दोन ओळी लागतात. जमलं तर कोणीतरी एखाद्या तालमीलाही यावं, आमच्याच असं नाही, कुठल्याही गटाच्या, म्हणजे तिथे काय चालतं ते लिहिताना कळेल. महोत्सवाचे आयोजक आणि पुरस्कार देणाऱ्या संस्थाही तुमचा पेपर वाचतात, त्यांनी फॉर्ममध्ये एकापेक्षा जास्त नावं घालायची सोय करावी आणि मानधन गटाच्या नावाने किंवा वाटून द्यायची तयारी ठेवावी.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर आता नावं अकारविल्हे असतात, आधी कोण नंतर कोण यावरून काही काढू नये. त्यातलं एखादं गाळायचीच वेळ आली तर सगळीच गाळा आणि नुसतं गटाचं नाव छापा, आम्हाला ते चालेल.

आपली नियमित वाचक,
एक नर्तकी, पुणे