मी सुखरूप आहे, आणि मासेही

ब्रंडल, नॉर्फोक, इंग्लंड
15 जानेवारी 2017

ती. बाबा व आई यांस शि. सा. नमस्कार. आजीच्या पाया पडते. दादा, वहिनी, बारक्या, सगळ्यांना तिळगूळ घ्या, गोड बोला.

मी अगदी सुखरूप आहे. शुक्रवारी रात्री फोन उचलला नाही म्हणून आई रडली असं वहिनीने कळवलं. आई, मी पुरात नव्हते गं. दिवसपाळी करून आले होते, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता आणि आम्ही सगळे खाली धक्क्यावर होतो. दादाने टीव्हीचा जो फोटो पाठवला, लोकांना घरं सोडायला सांगतायत, तो ग्रेट यार्मथचा. तिथे नदी समुद्राला मिळते. मी तिथून वीसेक किलोमीटर वर, नदीच्या आतल्या अंगाला राहते, आणि आमचं घर चढावर आहे. यार्मथला सुमारे 5,000 घरांना बाहेर पडायला सांगितलं होतं हे खरं आहे. आमच्याकडे फक्त सावधगिरीचा इशारा होता. हॉस्पिटलात जायची गाडी दुसऱ्या दिवशी वेळेवर होती. एवढं वाचून आईने आता जेवून घ्यावं.

बाबा, तुम्ही विचारलंत की ऐन थंडीत, पाऊस नसताना, कसलं उधाण. तुम्हाला नीट सांगते, कारण हे तुम्हालाच कळेल. पौर्णिमा गुरुवारी झाली, म्हणजे भरती मोठी होतीच. आपल्या बेलापूरच्या खाडीत उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं, आपण त्याला काही म्हणतही नाही. यार्मथला मोठ्या उधाणालाही जेमतेम दोन मीटर. त्यामुळे इथले बांध, धक्के, घरांचे उंबरे सगळे त्या दोन मीटरच्या हिशेबाने बांधलेले. त्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून वादळ आलं की हवेचा दाब कमी होतो, आणि दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं. पण खरं काम वारा करतो. उत्तर समुद्र वर रुंद आणि खोल, खाली इंग्लंड आणि हॉलंडच्या मध्ये अरुंद आणि उथळ. वाऱ्याने खाली लोटलेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही. ते एक-दीड मीटर पाणी भरतीच्या माथ्यावर बसलं तर बांध पुरत नाहीत. 26 जुलै 2005 ला आपल्याकडे सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस आणि भरती एकत्र आली होती, इथे पावसाच्या जागी वारा.

आणि हे पाणी एकदम येत नाही. ते स्कॉटलंडच्या टोकाकडून किनाऱ्याने खाली सरकत येतं. आधी ॲबर्डीन, मग नॉर्थ शील्ड्स, व्हिटबी, इमिंगहॅम, क्रोमर, आणि मग आमची पाळी. मधे कितीतरी तास मिळतात. शुक्रवारी मी घरी आले तर घरमालक आजोबा वही घेऊन बसलेले. प्रत्येक बंदरात पाणी नेहमीपेक्षा किती वर आहे ते संगणकावर बघायचं, वहीत वेळ घालून लिहायचं, शेजारच्या होडीवाल्याला फोन करून सांगायचं. तोही तेच बघत असतो, तरी एकमेकांना सांगतात. अख्ख्या नदीवर, जिथे जिथे होडी आहे तिथे, हेच चाललं होतं.

आजोबांचे वडील 1953 सालच्या पुरातून वाचलेले. 31 जानेवारीची रात्र होती. त्या वेळी वरच्या गावांतून खाली कोणी कळवलंच नाही. लोक झोपेत होते. एकट्या इंग्लंडमध्ये 307 माणसं गेली, हॉलंडमध्ये 1,836. जवळच्या सी पॉलिंग नावाच्या छोट्या गावातली 7. म्हणून इथली म्हातारी माणसं ती वही इतक्या मनापासून लिहितात. 5 डिसेंबर 2013 ला पुन्हा तेवढंच पाणी आलं तेव्हा हेम्सबीला कड्यावरची घरं समुद्रात पडली, पण लोक आधीच बाहेर काढलेले होते. बाबा, तुम्ही रेडिओवर इशारा दिला तरी ‘आमाला खाडी शिकवू नका’ म्हणता, म्हणून मुद्दाम लिहिलं. रागावू नका.

संध्याकाळी आम्ही दोर बघायला गेलो. आजोबांची छोटी फायबरची होडी आहे, उन्हाळ्यात हौसेने फिरवायची. अशा कितीतरी होड्या इथे हिवाळाभर बांधून ठेवलेल्या असतात. दोर आखूड राहिला तर पाणी चढताना होडी एका बाजूला ओढली जाते आणि आत पाणी घेते. सैल सोडला तर ती धक्क्यावर चढून बसते आणि सुकतीला तिथेच लटकते. म्हणून दर थोड्या वेळाने दोर सोडायचा, परत आवळायचा. मी दोर हातात घेतला, लांब टोक समोरच्या खांबाला नेलं, गाठ मारली, तेव्हा आजोबांनी गाठ दोनदा ओढून पाहिली आणि विचारलं, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, माझ्या बाबांकडून, आमच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर. मग रात्रभर त्या ओळीतल्या ज्या होड्यांचे मालक लांब राहतात त्यांचे दोर आम्हीच पाहिले.

आता एक गोष्ट सांगते, ती आजीला सावकाश वाचून दाखवा, कारण तिचा विश्वास बसणार नाही. इथले लोक नदीत मासे पकडतात आणि परत सोडून देतात.

म्हणजे असं. आजोबा पहाटे उठून घडीची खुर्ची, गरम चहाचा थर्मास, गळ आणि डबाभर जिवंत अळ्या घेऊन काठावर बसतात. थंडी इतकी की नाक बधिर होतं. पाच-सहा तास बसतात. गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, तो काढलेला असतो. मासा लागला की आधी हात नदीत ओले करतात, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो म्हणून. मग खाली मऊ गादीसारखं अंथरलेलं असतं, त्यावर मासा ठेवतात. गळाला काटा उलटा नसतो, म्हणजे तोंड फाटत नाही. वजन करतात, फोटो काढतात, वहीत लिहितात (ही वही वेगळी), आणि दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवतात, मासा स्वतः शेपटी हलवून निघेपर्यंत. खात नाहीत. घरी नेत नाहीत. विकायचा तर प्रश्नच नाही. खायचा मासा समुद्राचा, तो दुकानातून बटाट्याच्या कापांबरोबर तळलेला आणतात. 15 मार्च ते 15 जून नदीवर पूर्ण बंदी, कारण मासे अंडी घालतात. आपल्याकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत होड्या शाकारतो तसंच, पण आपली बंदी संपली की आपण कमाईला निघतो, हे मात्र पुन्हा भेटायला जातात.

पहिल्या वर्षी मला हे पाहून आत कुठेतरी दुखायचं. आई डोक्यावर पाटी घेऊन ज्या मासळीमागे वणवण करते, ती धरून सोडायची? मी आजोबांना तसं सांगितलंही. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग आईबद्दल विचारत राहिले: किती वाजता उठते, कुठली मासळी, बर्फ कुठून आणते. आता मला ते वेगळं वाटतं. हा मासा पुढच्या वर्षी पुन्हा लागेल, मोठा झालेला असेल, एवढ्यासाठी माणूस थंडीत बसतो. त्याचं त्या नदीशी नातं आहे आणि आपलं खाडीशी. आपलं पोटाचं आहे म्हणून ते जास्त खरं, असं मी आता म्हणत नाही.

हे सगळं सांगितलं कारण शुक्रवारी रात्री लोक घरांसाठी जेवढे जागत होते तेवढेच माशांसाठी. इथली नदी सपाट जमिनीतून वाहते, उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे मोठ्या उधाणाचं खारं पाणी आत लांबवर घुसतं. खारं पाणी जड, ते गोड्या पाण्याच्या खालून, तळाने सरकतं. वरून नदी नेहमीसारखीच दिसते. ब्रीम, रोच, पर्च, पाईक हे इथले मासे गोड्या पाण्याचे. हिवाळ्यात ते प्रवाहापासून आडोसा शोधत होड्या उभ्या करायला काठात केलेल्या खाचांत, धक्क्यांच्या आत हजारोंनी जमा होतात. खारं पाणी आलं की त्यांना मागे पळायला वाट नसते, कारण त्या खाचेचं तोंडच तिकडे असतं जिकडून मीठ येतं. आपल्या निवट्या-बोयांना जे पाणी जीव देतं, तेच यांना मारतं.

रात्री अकरापर्यंत पाणी चढलं. पायवाट बुडाली, गवतावर आलं, पुलाखाली किती जागा आहे ते दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे एकेक करून गेले. एक बाई दोरीला मीटर बांधून तळाच्या पाण्याचा खारेपणा मोजत होत्या आणि मोठ्याने आकडा सांगत होत्या. आकडा वाढला, थांबला, आणि मग हळूहळू उतरायला लागला. वाऱ्याने लोटलेलं पाणी आणि भरतीचा माथा एकाच वेळी आले नाहीत, म्हणून किनारा वाचला. आमच्या खाचेतले मासे जगले. सकाळी आजोबांनी मला बॅटरीचा उजेड टाकून दाखवले, तळाशी गर्दी करून उभे होते. बाबा, मला त्या वेळी तुमची फार आठवण आली. सिडकोने जमिनी घ्यायच्या आधी आपल्या खारीत बांध होता, उघाडी होती, भरतीला झडप आपोआप मिटायची आणि आपले आजोबा रात्री कंदील घेऊन बांधाला भोक पडलंय का बघायला जायचे, असं तुम्ही सांगायचात. इथेही कुरणांना तसेच बांध आणि तशाच झडपा आहेत. इथली मोठमोठी तळीसुद्धा माणसांनी केलेली आहेत, शेकडो वर्षांपूर्वी जळणासाठी पीट नावाची जळाऊ माती खणून काढली आणि खड्ड्यांत पाणी भरलं. मला इथे अनोळखी वाटत नाही हे तुम्हाला सांगायचं होतं.

भोगीची भाजी केली नाही, वांगी आणि गाजरं होती पण वेळ झाला नाही. बाजरीची भाकरी करते मी अधूनमधून. नीट जेवते. वजन कमी झालेलं नाही, तो फोटो बाजूने काढलेला होता. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी येता आलं नाही ते माझ्या मनातून गेलेलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बाबांच्या डोळ्यांत थेंब घालते. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब बंद करू नका, बरं वाटलं तरी.

आता पैशांचं. जूनपर्यंत पौंड शंभराच्या आसपास होता, आता त्र्याऐंशीच्या आसपास आहे. मी पूर्वीइतकेच पाठवते, तिथे कमी मिळतात. दादाला वाटतंय मी हात आखडता घेतला. तसं नाही रे. एंजिनासाठी सांगितलेली रक्कम मी दोन हप्त्यांत देते, सोसायटीचं कर्ज वाढवू नका. नोटाबंदीमुळे बँकेतून अजून आठवड्याला 24,000 च निघतात, म्हणून बारक्याच्या लग्नाच्या मंडपवाल्याला आणि बँडवाल्याला चेक द्या, आधीच बोलून ठेवा. हळदीचा खर्च थोडा आवरा. हे मी लांबून सांगते म्हणून वाईट दिसतं, पण कोणीतरी सांगायला हवं. मी हळदीला असेन. सुट्टी आठच दिवसांची मिळाली आहे, आणखी मागितली तर पावसाळ्यात यायला उरणार नाही.

सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे कागद दादाने पाठवले. हक्कसोडीवर सही करायला माझी ना नाही, पण मी आले की आई-बाबांसमोर बसून करेन. कुरिअरने पाठवणार नाही. यात दादावर अविश्वास नाही. आईचं नाव त्या कागदात कुठे आहे, तेवढं मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे.

उरणच्या स्थळाला हो-नाही कळवा म्हणालात. फोटो पाहिला, माणूस शांत वाटतो. त्याच्या घरी सरळ सांगा की मुलगी अजून निदान दोन वर्षं इथे काम करणार आहे आणि लग्नानंतरही घरी पैसे पाठवणार आहे. हे मान्य असेल तर एप्रिलमध्ये बघायला येऊ द्या. मान्य नसेल तर मी वाईट वाटून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

तुमची,
बाय

ता. क. पहिला हप्ता मंगळवारी निघेल, आईच्या खात्यात. त्यातून आधी आईचा चष्मा करायचा आणि मगच एंजिनवाल्याकडे जायचं. वहिनीने बिलाचा फोटो पाठवावा.