पिंपळनेरला जाण्याआधी

धुळे, 9 नोव्हेंबर 2024

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तू डबा न घेताच बसमध्ये चढलीस. भाऊबीज झाल्यापासून आपण धड बोललोच नाही, म्हणून लिहितेय.

मोठ्या काकांचा मेसेज खोटा होता, हे मला पटलंय. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा, असं त्यात होतं. मी निवडणूक आयोगाच्या 1950 या मदत क्रमांकाला फोन करून विचारलं. यादीत नाव नसेल तर मत देताच येत नाही. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तरच कागदी मतपत्रिकेवर टेंडर व्होट देता येतं. असल्या मेसेजवर विसंबून माणूस आधी यादी बघत नाही, आणि ऐनवेळी केंद्रावरून परत फिरतो. तू बरोबरच होतीस. पण चाळीस माणसांच्या ग्रुपवर त्यांना 'काका, हे खोटं आहे' म्हणालीस. ज्यांनी तुला सायकल शिकवली, त्यांना आधी एक फोन करायचास. बघ, पुन्हा तेच सुरू केलं मी. राहू दे.

सोमवारपासून तुम्ही मुलांना खोटे मेसेज ओळखायला शिकवायला पिंपळनेरकडच्या कॉलेजांत जाणार. अंधार पडायच्या आत साक्रीला परत यायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 2018 च्या जूनमध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. तू चौदा वर्षांची. ट्यूशन सातला सुटायची, तू सायकलवर एकटी यायचीस. मी तो मेसेज माहेरच्या ग्रुपवर टाकला, भिशीच्याही टाकला. खरा की खोटा, हा प्रश्नच डोक्यात आला नाही. तुझी सायकल वाजेपर्यंत मी दारात उभी असायची.

1 जुलैला, रविवारी, पिंपळनेरकडच्याच राईनपाड्याच्या बाजारात पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने जिवे मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, पार मंगळवेढ्याकडून भिक्षुकीला आलेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. माझा मेसेज तिथवर गेला नसेल. पण तसलेच गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. त्या पाच जणांची बातमी वाचून तू रडलीस, मी तुला जवळ घेतलं, आणि गप्प राहिले.

म्हणून पिंपळनेरचं नाव ऐकलं की पोटात गोळा येतो. तुम्हीही तिथे परकेच. हातात फोन, फोटो काढणार, पोरांशी बोलणार. आधी प्राचार्यांना भेटा, गावात कोणी ओळखीचं सोबत घ्या. आणि अंधाराच्या आत. हे लिहिणार नव्हते, तरी लिहिलंच.

केरळातल्या कन्नूरचं तू सांगितलेलं माझ्या मनात राहिलंय. गोवर-रुबेलाच्या लशीबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा तिथल्या सरकारी शाळांत मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. तूही मुलांना फोटो मुळात कुठला आहे ते नेटवर शोधायला शिकवशील, खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरची दोन बाणांची खूण दाखवशील. त्याबरोबर माझी गोष्टही सांग. नाव घेतलंस तरी चालेल. खोटा मेसेज पाठवणारी बाई वाईट नव्हती, लेकीच्या काळजीत होती, एवढं त्यांना कळू दे. म्हणजे घरी जाऊन ती आईवर ओरडणार नाहीत, तिच्याशेजारी बसून फोन बघतील.

आणि अहिराणीत बोल. अफवा घरच्या बोलीत येते, खुलासा मात्र पुस्तकी मराठीत. आजी कशी विचारायची, 'हाई कोनी धाडं?' पोरांना तेच विचारायला लाव.

पाचवीत तुला वर्गासमोर कविता म्हणता येत नव्हती, फ्रॉकचं टोक चावायचीस. आता शंभर मुलांसमोर उभी राहणार. तुझे पप्पा शेजाऱ्यांना सांगत सुटलेत.

20 तारखेला मतदानाला येशील ना? आपलं नाव आहे, मी यादी पाहिली. काकांचंही पाहिलं, केंद्र बदललंय. ते तूच त्यांना फोन करून सांग.

साक्रीला पोचलीस की रोज मिस्ड कॉल दे. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई