नॉब सोडला की विझणारी ज्योत, आणि फोनवरच्या ताई

ताई,

त्या दिवशी फोनवर मी ‘थँक्यू’ म्हटलं खरं, पण तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे गॅस हीटर दुरुस्त करत, त्याच्यासमोर पालथा पडून, दातांत टॉर्च धरून बोलत होतो. तुम्हाला नीट ऐकूही गेलं नसेल. म्हणून आता सावकाश लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे नॉब दाबून बसलेले आणखी बरेच असतील.

तक्रार एका ओळीची होती. नॉब दाबला, खटका वाजवला की पायलटची (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी) ज्योत पेटायची आणि नॉब सोडला की फुस्स. वीस वेळा करून झाल्यावर मी परस्पर निदान केलं की थर्मोकपल गेलं. नवं मागवूनही टाकलं. ते येईपर्यंत नॉबमागे लाकडाची पाचर ठोकून काम भागवावं, हा बेत मी तुम्हाला मोठ्या हुशारीने ऐकवला. तुम्ही दोन क्षण गप्प होतात. मग म्हणालात, “पाचर आधी लांब फेका. मग बोलू.”

तुम्ही ओरडला असतात तर मी कदाचित ऐकलं नसतं. पण तुम्ही समजावून सांगितलंत. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा सांधा. ज्योतीत तापला की त्यात जेमतेम 20-30 मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक छोटा चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. नॉब दाबतो तेव्हा ती झडप आपण हाताने उघडलेली असते, सोडल्यावर चुंबकाने ती पकडायची. ज्योत गेली, सांधा थंड झाला की झडप आपोआप बंद. पाचर मारली की ज्योत विझली तरी गॅस येतच राहणार, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत साचत जाणार. मी रात्री जमिनीवरच गादी घालून झोपतो, हे तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.

मग तुम्ही विचारलंत, “ज्योत दिसते कशी?” इतके दिवस मी ती पेटते की नाही एवढंच पाहत होतो. नीट पाहिली तर पिवळी, लांबट, मरगळलेली. थर्मोकपलच्या टोकाला कशीबशी शिवणारी. तुमचं म्हणणं, ती निळी आणि ठाम हवी, थर्मोकपलच्या वरच्या सेंटीमीटरभर भागाला लपेटलेली. पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता: “लगेच विझते की अर्ध्या तासाने?” लगेच विझत असेल तर पायलट किंवा थर्मोकपल. खोली बंद असताना बऱ्याच वेळाने विझत असेल तर हीटर आपलं काम चोख करतोय. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. तो 18 च्या आसपास उतरला की माझ्या हीटरसारख्या, ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पायलटची ज्योत थर्मोकपलपासून सुटते आणि गॅस तुटतो. त्याला बिघाड म्हणायचं नाही, खिडकी उघडायची.

माझी लगेच विझत होती. सिलिंडर बंद करून, हीटर गार होऊ देऊन तुम्ही सांगितलेलं पायलटच्या नळीवरचं हवेचं बारीक भोक शोधलं. आत कापसासारखी धूळ आणि कोळ्याचं जाळं! मी सेफ्टीपिन उचलली होती, तेवढ्यात तुम्ही फोनवरूनच थांबवलंत. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पायलट कायमची बिघडली. हवेच्या झोताने फुंकून काढलं. त्यानंतर नॉब तुमच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण अर्धा मिनिट दाबून ठेवला (पूर्वी मी पाच सेकंदांत कंटाळायचो) आणि सोडला. ज्योत राहिली. निळी. घरात मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

पुढच्या आठवड्यात ठिणगीच पडेना, तेव्हाही तुम्ही फोन उचललात. गॅस बंद ठेवून, खोलीत अंधार करून खटका वाजवायला लावलात. ठिणगी होती, पण पायलटजवळ नव्हती. ठिणगी पाडणाऱ्या कांडीच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या, चिनी मातीच्या आवरणाला गेलेल्या तड्यातून ती मधेच पत्र्यावर उडी मारत होती. नवा इलेक्ट्रोड बसवताना त्याचं टोक आणि पायलट यांच्यात तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवायला सांगितलंत, तेही लक्षात आहे.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा, झटक्यात उघडला तर काही रेग्युलेटर गळती समजून गॅस अडवतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. सैल केलेला जोड परत घट्ट केला की गळती पाहायला साबणाचा फेस लावायचा, काडी ओढून तपासायचं नाही. मुख्य बर्नर पिवळा जळू लागला, काजळी धरली किंवा डोकं जड झालं तर दुरुस्तीचा विचारही न करता हीटर बंद करून बाहेर पडायचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा मी वैतागलो होतो, त्याची माफी.

मागवलेलं थर्मोकपल अजून खोक्यातच आहे. तुमच्याकडे कुणाला लागलं तर सांगा, पाठवतो. आणि हो, गॅसच्या नळीवर छापलेली तारीख पाहिली. संपलीय. या वेळी तुम्ही विचारायच्या आधी पाहिली.

तुमचा,
पाचरवाला