घनफळ कापून, पृष्ठफळ उलगडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की महत्त्वमापनाच्या (घनाकृतींचे पृष्ठफळ, घनफळ काढण्याच्या) सूत्रांचे तक्ते फिरू लागतात. इष्टिकाचिती (विटेचा आकार), वृत्तचिती (गोल डब्याचा आकार), शंकू, गोल, अर्धगोल, शंकूछेद (टोक कापलेला शंकू). प्रत्येकाची दोन-तीन सूत्रे. पृष्ठफळ आणि घनफळ शेजारी-शेजारी छापलेले असल्यामुळे ती एकाच जातीची गणिते वाटतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे. घनफळासाठी आकार मनातल्या मनात कापायचा असतो, पृष्ठफळासाठी उलगडायचा.

घनफळाचा हा एकच नियम पाहा. तळ, माथा आणि बरोबर मधल्या उंचीवरचा छेद (तिथे आडवे कापल्यावर दिसणारा भाग) अशी तीन क्षेत्रफळे काढा. मधल्याची चौपट करा, त्यात तळ आणि माथा मिळवा, बेरजेला उंचीने गुणा, सहाने भागा. तक्त्यातल्या सगळ्या आकारांना तो लागू पडतो. शंकूचा माथा शून्य, मध्यावर त्रिज्या निम्मी म्हणून क्षेत्रफळ पाव, त्याची चौपट म्हणजे पुन्हा एक तळ. दोन तळ गुणिले उंची भागिले सहा. म्हणजेच वृत्तचितीचा एक तृतीयांश. हा ‘एक तृतीयांश’ कुठून आला, हे तक्ता कधीच सांगत नाही. गोलाला तळ-माथा शून्य, उंची म्हणजे व्यास. करून पाहिले की गोलाच्या सूत्रातले चार तृतीयांश आपोआप येते.

खरी परीक्षा बादलीची, म्हणजे शंकूछेदाची. वरची त्रिज्या १४ सेमी, तळाची ७ सेमी, उंची ३० सेमी. वरचे वर्तुळ ६१६, तळाचे १५४ चौसेमी. मध्यावर त्रिज्या १०.५, म्हणून क्षेत्रफळ ३४६.५ आणि चौपट १३८६. बेरीज २१५६, तिला ३० ने गुणून ६ ने भागले की १०,७८० घनसेमी, म्हणजे १०.७८ लीटर. घाईत दोन आडवाटा धरल्या जातात. त्रिज्यांची सरासरी घेऊन वृत्तचितीचे सूत्र लावले तर १०,३९५ येतात, ३८५ कमी. दोन्ही वर्तुळांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ११,५५०, म्हणजे ७७० जास्त. जास्तीची चूक कमीच्या बरोबर दुप्पट आहे, आणि हा योगायोग नव्हे. कोणत्याही शंकूछेदात असेच होते. म्हणून नियमात मधल्या छेदाचे वजन जास्त. रस्त्याच्या भरावाची माती मोजताना दोन टोकांच्या छेदांची सरासरी घेतली की आकडा सहसा फुगतो, त्याचेही कारण हेच.

नियमाला मर्यादा आहे. छेदाचे क्षेत्रफळ उंचीच्या घनापर्यंतच्या बहुपदीने (म्हणजे सूत्रात उंचीचा घनापेक्षा मोठा घात नसेल असे) बदलत असेल तोवरच उत्तर अचूक येते. तीच वृत्तचिती आडवी ठेवून आडवे छेद घेतले तर ‘पाय’च्या (π, ३.१४) जागी २.६७ येतो, घनफळ १५ टक्के कमी. आडव्या टाकीत काठी बुडवून पातळी मोजणाऱ्यांना हे माहीत असते: व्यासाच्या पाव भागापर्यंत पाणी असले तरी टाकीत २५ नव्हे, जेमतेम साडेएकोणीस टक्के पाणी असते. आणि जोडलेले आकार जोडाशी तोडूनच मोजायचे. वृत्तचितीवर शंकू असेल तर हा नियम दोन वेळा लावायचा.

पृष्ठफळाला असा सोपा रस्ता नाही. तिथे घडण, म्हणजे आकार उलगडून होणारी सपाट आकृती, काढावी लागते. वृत्तचितीचा वक्र भाग उलगडला की आयत होतो, एक बाजू परीघ, दुसरी उंची. शंकू उलगडला की वर्तुळपाकळी (पंख्यासारखा वर्तुळाचा तुकडा) होते आणि तिची त्रिज्या तिरकस उंची असते, लंब उंची नव्हे. त्रिज्या ७, उंची २४ घेतली तर तिरकस उंची २५ आणि पाकळीचा कोन १००.८ अंश. वक्रपृष्ठफळ ५५०, घनफळ १२३२. उंच्यांची अदलाबदल केली तर ५२८ आणि १२८३ येतात. इतक्या जवळचे आकडे की चूक डोळ्याला खटकतही नाही. घडण एकदा कापून हाताळली असेल तर ही चूक सहसा होत नाही.

गोल मात्र उलगडत नाही. त्याचा तुकडा सपाट करायला गेले की फाटतो किंवा सुरकुततो; जगाचे नकाशे त्याच कारणाने कुठे ना कुठे ताणलेले असतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) गोलाचे पृष्ठफळ वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट सांगताना चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा दिली, आणि त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ, असेही सांगितले. कारण गोल म्हणजे केंद्राशी टोके जुळवलेले असंख्य बारीक शंकू, प्रत्येकाची उंची त्रिज्येएवढी.

सर्वाधिक गुण जातात ते जोड-आकृत्यांत. १४ सेमी बाजूच्या घनावर १४ सेमी व्यासाचा अर्धगोल बसवला. बरेच जण घनाचे ११७६ आणि अर्धगोलाचे एकूण ४६२ मिळवून १६३८ लिहितात. पण अर्धगोलाखाली १५४ चौसेमी झाकले गेले; तेवढे घनातून वजा करून फक्त वक्र ३०८ मिळवायचे. उत्तर १३३० चौसेमी. आता फुगवट्याऐवजी तेवढाच खळगा कोरला तर? पृष्ठफळ तेच, १३३०! घनफळ मात्र एकदा ३४६२.६७, एकदा २०२५.३३ घनसेमी. रंग लागेल तेवढाच, वजनात मात्र मोठा फरक, हे एक उदाहरण फळ्यावर आले तरी बराच गोंधळ मिटेल. (एककांचा गोंधळ वेगळाच. एका मीटरचे १०० सेमी, म्हणून घनमीटरलाही १०० नेच गुणणारे कमी नाहीत. तिथे गुणक दहा लाख आहे.)

आपल्या विद्यार्थी पुरवणीत दरवर्षी सूत्रांचा तक्ता येतो. त्याऐवजी शंकू, शंकूछेद आणि वृत्तचितीच्या घडणी पूर्ण मापात छापाव्यात, जाड कागदावर चिकटवून कापता येतील अशा. डिंक लावायच्या पट्ट्या तेवढ्या तुटक रेषेने दाखवाव्यात, म्हणजे त्या कोणी पृष्ठफळात धरणार नाही.

आपला,
एक गणित शिक्षक